अर्जुनसाल, लसूण, अंबाडी, जवस : बीपीसाठी आठ महिने वापरून

वापर जानेवारी ते ऑगस्ट, सांगलीत. ॲम्लोडिपिन ही बीपीची ५ मिलिग्रॅमची गोळी सगळा काळ चालू होती. झाडपाला तिच्या जोडीला, तिच्या जागी नाही. सुरुवातीचे दोन आठवडे फक्त मोजणी, मग एका वेळी एकच औषधी सहा आठवडे, मध्ये दोन आठवडे सुट्टी. चार गोष्टी एकदम सुरू केल्या की बीपी उतरलं तरी पेढे कुणाच्या नावाने वाटायचे ते कळत नाही.

मोजणी नीट नसेल तर पुढचं वाचूही नका. मनगटाचं नको, दंडावर पट्टा बांधायचं मशीन घ्यावं. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के भाग वेढणारी हवी. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा उगाच चढतो. लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसावं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत. बोलत राहिलात तरी आकडा वर जातो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळीआधी आणि रात्री. घरी सरासरी १३५/८५ किंवा वर राहिली तर ती जास्तच समजायची.

मीठ डिसेंबरातच कमी करून घेतलं होतं, नाहीतर त्याचं पुण्य काढ्याच्या खात्यात गेलं असतं. घरचा हिशेब सोपा आहे. चार माणसांत किलोची पिशवी महिन्यात संपत असेल तर माणशी रोज ८ ग्रॅमच्या वर जातं. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत सांगते. शिवाय भडंग, पापड, लोणचं, विकतचा कांदा-लसूण मसाला, खारे शेंगदाणे या पिशवीत धरलेलेच नाहीत. सैंधवानेही सुटका नाही, तेही सोडियमच. ऐन थंडीत बीपी एरवी चढतं, तरी वहीतली सगळ्यांत मोठी घसरण या डिसेंबरचीच आहे.

अर्जुनसाल. आधी ओळख, कारण घोटाळा इथेच होतो. अर्जुनाचं खोड गुळगुळीत, पांढरट-राखाडी, पातळ पापुद्रे सुटणारं. त्याच्या नावाने खपणाऱ्या ऐन या दुसऱ्या झाडाचं काळपट आणि मगरीच्या पाठीसारखं चौकटी-चौकटीने फुटलेलं. पूड घेतली तर काय आलं ते ओळखता येत नाही, म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातून सालीचे तुकडे आणून घरी भरड करावी. बारीक पूड तळाशी बसून करपते आणि गाळणीतून उतरते.

क्षीरपाकाचं, म्हणजे दुधातल्या काढ्याचं, प्रमाण एकास आठ दूध, दुधाच्या चौपट पाणी. म्हणजे भरड ५ ग्रॅम, दूध ४० मिली, पाणी १६० मिली. भांडं स्टीलचं; लोखंडात सालीतल्या तुरट द्रव्याने दूध काळं पडतं. भांड्यात आधी नुसतं दूध ओतून त्यात काडी उभी धरावी, ओल जिथवर आली तिथे खूण करावी. मग पाणी आणि भरड घालून मंद आचेवर, झाकण न ठेवता, पातळी खुणेवर येईपर्यंत आटवावं. दुकानदार एक कप दुधात चमचाभर पूड उकळा म्हणतो, तो हा पाक नव्हे. त्रास एकच, बद्धकोष्ठ. गुण? अर्जुनाची ख्याती हृदयाच्या दुबळेपणासाठी आहे. बीपीच्या वहीत सहा आठवड्यांत सांगण्याजोगा फरक दिसला नाही.

लसूण. दोन पाकळ्या ठेचून दहा मिनिटं ठेवायच्या आणि जेवताना भाकरीबरोबर कच्च्याच खायच्या. ठेचल्यावरच त्यातलं ॲलिसिन तयार होतं, आणि ते तयार करणारं विकर (एन्झाइम) उष्णतेने मरतं; म्हणून फोडणीतला लसूण या हिशेबात धरू नये. उपाशीपोटी घेतला तर जळजळ. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन असं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, रक्तस्राव वाढू शकतो; दात काढायच्या आधीही तिथे सांगून ठेवावं. आठ महिन्यांतले सगळ्यांत छान आकडे लसणाच्या पाळीतले, पण ती पाळी पडली मार्चअखेर ते एप्रिल. सांगलीच्या उन्हात बीपी तसंही खाली येतं. त्यामुळे लसणाला अर्धेच गुण. पौषात काढा सुरू करून चैत्रात त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

अंबाडी, म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांच्या वाळवलेल्या पाकळ्या. देवाला वाहायची जास्वंद याच कुळातली, पण ती निराळी. अमेरिकेत २०१० साली छापलेल्या चाचणीत रोज तीन कप, सहा आठवडे दिल्यावर वरचा आकडा सरासरी ७ ने उतरला होता. कपाला सव्वा ग्रॅम पाकळ्या, २४० मिली उकळतं पाणी, पाच-सहा मिनिटं झाकून. साखर घातली तर सरबतच झालं. आंबट असल्याने दात शिवशिवतात. पिऊन झाल्यावर चूळ भरावी. इथे उतार मिळाला, पण थोडा.

जवस सगळ्यांत पटला. पाळी पावसाळ्यात, उन्हाची मदत नसताना, तरी आकडा खालीच टिकला. कॅनडातल्या २०१३ च्या चाचणीत, पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांना रोज ३० ग्रॅम दळलेला जवस सहा महिने दिला होता, तेवढाच घ्यावा: चार सपाट मोठे चमचे. अख्खा दाणा जसाच्या तसा बाहेर पडतो. दळलेला आठवड्यापुरताच, फ्रिजमध्ये. खवट वास आला की टाकावा. एक चमच्यापासून वाढवत न्यावा, पाणी भरपूर, गोळ्यांपासून दोन तास लांब. जवसाची चटणी बिनमिठाची करावी, लसूण-जिऱ्यावर निभतं.

सर्पगंधा, ही बीपी उतरवणारी मुळी, मुद्दाम वापरली नाही. ती निरुपयोगी आहे म्हणून नव्हे, मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये तिच्यावरचे अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे बीपी उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं. पण मुळीच्या पुडीत ते किती आहे हे कळत नाही. नाक चोंदतं, नाडी मंदावते, मन खचतं, आणि बंद केल्यावरही असर रेंगाळतो. बाजारात टोपलीत मिळाली तरी घेऊ नये.

उलट्या दिशेने जाणारी चीज म्हणजे ज्येष्ठमध. खोकल्याच्या काढ्यात, चघळायच्या गोळ्यांत असतो. रोज घेतला तर अंगात पाणी धरतो, पोटॅशियम उतरवतो आणि बीपी चढवतो. आकडा कारणाशिवाय वर गेला तर आधी काढ्याच्या डब्यावरची यादी वाचा. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल यांपैकी बीपीची गोळी चालू असून मूत्रपिंड दुबळं असेल तर ‘कमी सोडियम’चं मीठ आणि रोजचं नारळपाणी टाळा, तिथे पोटॅशियम धोक्याइतकं वाढतं. आणि १८०/१२० च्या वर आकडा, सोबत छातीत दुखणं, दम लागणं किंवा जीभ अडखळणं असेल तर लसूण ठेचत बसू नका, गाडी काढा.

सध्या चालू आहे ते जवस, अधूनमधून अंबाडी आणि गोळी. उरलेली अर्जुनसाल डब्यात पडून आहे.