रसेल–कोपलस्टन संवादाचे ध्वनिमुद्रण: नास्तिकाशी वाद घालण्यापूर्वी ऐकण्याजोगे

ईश्वराच्या अस्तित्वाचे युक्तिवाद आणि त्यांवरचे वाद ऐकवणारी सामग्री आज इंटरनेटवर इतकी साचली आहे की निवड करणेच अवघड जाते. त्यातली बरीचशी मात्र आपल्या बाजूचा वक्ता समोरच्याला कसा गप्प करतो हे पाहून समाधान मानणाऱ्यांसाठीच केलेली असते. २८ जानेवारी १९४८ रोजी बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅम या रेडिओ वाहिनीवर प्रसारित झालेला ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि फादर फ्रेडरिक कोपलस्टन यांचा ईश्वराच्या अस्तित्वावरचा संवाद या गर्दीत उठून दिसतो, कारण त्यात टाळ्या नाहीत, कुरघोडीची घाई नाही आणि दोघांनाही समोरच्याचा विषय पक्का ठाऊक आहे. रसेल तेव्हा ७५ वर्षांचे होते. जेझुइट या कॅथलिक पंथाचे धर्मगुरू कोपलस्टन ४० वर्षांचे होते आणि त्यांच्या तत्त्वज्ञानाच्या बहुखंडी इतिहासाचा पहिला खंड दोनच वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाला होता.

ध्वनिमुद्रण विनामूल्य ऐकता येते. मी ऐकलेल्या प्रतीत संवादाचा केवळ पहिला भाग आहे. धार्मिक अनुभव आणि नीती यांवरचे पुढचे दोन भाग छापील संहितेतून वाचावे लागले. आवाजाची प्रत त्या काळाच्या मानाने बरी आहे, परंतु रसेल यांचा बारीक, उंच पट्टीतला, जुन्या वळणाचा उच्चार कानाला सरावेपर्यंत दोन-तीन वाक्ये हातची जातात, म्हणून संहिता समोर ठेवून ऐकणे सोयीचे.

सर्वांत शिकण्यासारखी आहे ती सुरुवात. कोपलस्टन प्रथम विचारतात की ईश्वर म्हणजे जगाहून भिन्न असलेले, जगाचे निर्माते असे परमोच्च व्यक्तिरूप अस्तित्व, ही व्याख्या तूर्त मान्य आहे का. रसेल ती मान्य करतात. मग कोपलस्टन विचारतात की असा ईश्वर नाही हे सिद्ध करता येते असे तुमचे म्हणणे आहे का, आणि रसेल स्पष्ट सांगतात की तसे नाही, आपली भूमिका अज्ञेयवादी, म्हणजे ईश्वर आहे की नाही हे ठरवता येत नाही अशी, आहे. एवढ्या दोन प्रश्नांनी पुढचा किती गोंधळ टळतो, हे आपल्याकडच्या चर्चा ऐकलेल्यांना वेगळे सांगायला नको. आपल्याकडे एकजण निर्गुण ब्रह्माविषयी बोलत असतो, दुसरा नवसाला पावणाऱ्या देवाविषयी, आणि तासाभराने दोघेही जिंकलेले असतात.

त्यानंतर कोपलस्टन जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझच्या वळणाचा युक्तिवाद मांडतात. जगातली कोणतीही वस्तू आपल्या अस्तित्वाचे कारण स्वतःत बाळगत नाही. मी माझ्या आईवडिलांमुळे आहे, या क्षणी हवा आणि अन्न यांमुळे टिकून आहे. अशा परावलंबी वस्तूंची बेरीज म्हणजेच जग, आणि म्हणून या सर्वांच्या असण्याचे कारण जगाबाहेर, स्वतःच्याच बळावर असलेल्या, म्हणजे ‘अनिवार्य’ अस्तित्वात शोधावे लागते. येथे रसेल दोन पातळ्यांवर अडवतात. ‘अनिवार्य’ हे विशेषण केवळ विधानांना, तेही विश्लेषणात्मक (शब्दांच्या अर्थावरूनच खऱ्या ठरणाऱ्या) विधानांना लावता येते, वस्तूंना नाही, ही पहिली हरकत. ती तांत्रिक आहे आणि तर्कशास्त्राची थोडी ओळख नसलेला श्रोता येथे कंटाळतो. मला स्वतःला हा भाग गरजेपेक्षा लांबलेला वाटला.

दुसरी हरकत मात्र संवादाचा गाभा आहे. पुरेसे स्पष्टीकरण कशाला म्हणायचे, असे रसेल विचारतात. काडी पेटीवर घासली म्हणून ज्योत लागली, एवढे पुरेसे नाही का? व्यवहारापुरते पुरेसे, असे कोपलस्टन म्हणतात, परंतु ते अपुरेच, कारण खरे पुरेसे स्पष्टीकरण म्हणजे ज्यात आणखी काही मिळवता येणार नाही असे संपूर्ण स्पष्टीकरण. मग तुम्ही न मिळणारी गोष्ट शोधत आहात आणि तिची अपेक्षाही धरू नये, असे रसेल यांचे उत्तर. त्यावर कोपलस्टन शांतपणे म्हणतात की अजून सापडले नाही म्हणणे वेगळे आणि शोधूच नये म्हणणे वेगळे. दुसरे म्हणणे हटवादी ठरते. संपूर्ण संवादातली माझ्या मते ही सर्वांत मोलाची देवाणघेवाण आहे, कारण ईश्वराचे नावही न घेता दोघे मतभेदाच्या नेमक्या जागेवर येऊन उभे राहतात.

पुढचे प्रसंग अधिक गाजलेले आहेत. कितीही चॉकलेटे एकत्र केली तरी चॉकलेटेच मिळतात, मेंढी मिळत नाही, तशा परावलंबी वस्तूंच्या अनंत बेरजेतूनही स्वयंसिद्ध अस्तित्व निघत नाही, असे कोपलस्टन म्हणतात. प्रत्येक माणसाला आई असते म्हणून मानवजातीला आई असलीच पाहिजे असे होत नाही, असे रसेल बजावतात, आणि विश्व आहे, बस, एवढेच सांगता येते, अशा आशयाने थांबतात. रसेल यांचा आईचा दाखला चटकदार असला तरी कोपलस्टन यांना तो पुरता लागू पडत नाही असे मला वाटते. सुट्या वस्तूंचे कारण दाखवून त्यावरून समष्टीचे तशाच जातीचे कारण ते काढत नाहीत. समष्टीविषयीचा ‘का’ वेगळ्या जातीचा आहे असे त्यांचे म्हणणे आहे. उलट कोपलस्टन यांच्या बाजूची मोठी फट रसेल यांनी धरली नाही: युक्तिवाद मान्य केला तरी त्यातून स्वयंसिद्ध असे काहीतरी मिळते, ते व्यक्तिरूप, दयाळू किंवा प्रार्थना ऐकणारे आहे हे मिळत नाही.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट जाणवेल. जगाहून भिन्न निर्माता ही सुरुवातीची व्याख्या अद्वैत्याला मुळातच मान्य होणार नाही, नैयायिकाला, म्हणजे न्याय या तर्कप्रधान भारतीय दर्शनाच्या अनुयायाला, मात्र ती बरीच ओळखीची वाटेल. पृथ्वी वगैरे कार्य (निर्माण झालेली वस्तू) आहे, म्हणून घटाप्रमाणे तिलाही कर्ता हवा, हे अनुमान न्यायदर्शनाने शतकानुशतके बौद्धांशी आणि मीमांसकांशी झुंजत घासूनपुसून घेतले, आणि उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’चे पाच स्तबक (प्रकरणे) पाच आक्षेपांना उत्तर देण्यासाठीच रचलेले आहेत. महाराष्ट्रात डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे जाहीर संवाद गाजले, परंतु त्यांचा भर समाजावर होणाऱ्या परिणामांवर होता. लागू ईश्वराची कल्पनाच नाकारत आणि दाभोलकर शोषणाला विरोध हा मुद्दा पुढे ठेवत. ते आवश्यकच होते, पण युक्तिवादाची अशी चिरफाड हवी असेल तर या जुन्या ध्वनिमुद्रणाकडे किंवा थेट उदयनाकडे वळावे लागते.

छापील भागांपैकी धार्मिक अनुभवाचा भाग सामान्य आहे. नीतीच्या भागात मात्र रसेल प्रथमच अडखळतात. पिवळा आणि निळा यांतला फरक जसा दिसतो, तसा बरेवाईट यांतला फरक आपण भावनेने ओळखतो, असे ते सांगतात. त्यावर कोपलस्टन बेल्सनच्या नाझी छळछावणीच्या प्रमुखाच्या वागणुकीचे उदाहरण पुढे करतात, जी हिटलरला चांगलीच वाटत असावी. अशा वागणुकीला वाईट म्हणण्याचा अधिकार मग कोठून येतो, या प्रश्नाला रसेल यांनी दिलेली उत्तरे मला फारशी पटली नाहीत. ईश्वराच्या गृहीतकाने तो प्रश्न सुटतो हेही कोपलस्टन सिद्ध करू शकले नाहीत.

जगातल्या दुःखावरून ईश्वराविरुद्ध केला जाणारा युक्तिवाद ज्यांना ऐकायचा आहे, त्यांना येथे जवळजवळ काहीच मिळणार नाही. पुढच्या घरगुती वादात फेकून मारायला तयार मुद्दे हवे असतील, तर त्यांनीही हे ध्वनिमुद्रण ऐकण्यात वेळ घालवू नये.