स्टेफी ग्राफ की अँजेलिक कर्बर: मुलीला आधी कोणाचे सामने दाखवावेत?

मुलगी बारा-तेरा वर्षांची, बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, खेळणारी, पाय चपळ, उंची मध्यम, सर्व्हिस अजून बेताची. तिला अभ्यासासाठी या दोन जर्मन टेनिस खेळाडूंपैकी एकच निवडायची असेल तर आधी कर्बर दाखवा. ग्राफचे सामने नंतर, आणि तेही मुख्यतः पायांसाठी.

ग्राफ मोठी खेळाडू, यात वादच नाही. एकेरीत २२ ग्रँड स्लॅम, ३७७ आठवडे अव्वल स्थान आणि १९८८ मध्ये चारही ग्रँड स्लॅमसह सोल ऑलिम्पिकचं सुवर्ण. कर्बरकडे ३ ग्रँड स्लॅम आणि ३४ आठवडे. अडचण ही की ग्राफचा फोरहँड, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटका, नक्कल करून उचलता येत नाही. ती रॅकेट उंच मागे नेई आणि चेंडू बराच जवळ येऊ देऊन उशिरा फटकावी. हे जमायचं, कारण तोवर तिचे पाय अचूक जागी पोचलेले असत. मुली नक्कल करतात ती हाताची. पाय अर्धं पाऊल मागे राहिले की चेंडू अंगावर येतो आणि फटका जाळ्यात जातो. बॅकहँडच्या, म्हणजे डाव्या, कोपऱ्यातही ती वळसा घालून फोरहँड मारायची. त्यात उजवा कोपरा मोकळा पडतो आणि तो झाकायला तिच्याएवढा वेग लागतो. तिचा एकहाती स्लाइस, म्हणजे चेंडू खालून कापत मारलेला फटका, फार सुंदर, चेंडू जेमतेम उसळायचा. पण आजच्या जड टॉपस्पिनचा (पुढे गरगरत येणारा) चेंडू खांद्याच्या उंचीवर येतो, तिथे नुसत्या स्लाइसवर निभावणं कठीण. सर्व्हिस करताना ती चेंडू फार उंच फेकायची. वाऱ्यात हे शिकाऊ हाताला महागात पडतं.

कर्बर १.७३ मीटर उंच, डावखुरी खेळणारी, दोन्ही हातांचा बॅकहँड. तिची दुसरी सर्व्हिस हळू होती आणि प्रतिस्पर्धी तिच्यावर तुटून पडत. ही उणीव तिनं परतीच्या फटक्यांनी आणि बचावानं भरून काढली. गुडघे जवळजवळ जमिनीला टेकवून, बेसलाइन न सोडता, समोरच्याचाच वेग वापरून ती चेंडू डाऊन द लाईन, म्हणजे बाजूच्या रेषेलगत सरळ, वळवायची. हे शिकवता येतं: आधी बसायला, मग रॅकेट छोटी मागे न्यायला, शेवटी दिशा बदलायला. क्रम उलटा केला तर कंबर वाकते, गुडघे नाही, आणि चेंडू बाहेर जातो. २०१८ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात तिनं सेरेना विल्यम्सला ६-३, ६-३ हरवलं, तेव्हा तिच्या स्वतःहून केलेल्या चुका होत्या फक्त ५. मुलीला हा सामना पूर्ण दाखवा. मात्र सर्व्हिस कर्बरची घेऊ नका.

पालकांसाठी वयाचा मुद्दा याहून मोलाचा. ग्राफ १९८२ मध्ये तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली. ती वाट आता बंद आहे: चौदा वर्षांखालील मुलींना व्यावसायिक स्पर्धा खेळता येत नाहीत आणि अठरापर्यंत स्पर्धांच्या संख्येवर मर्यादा असते. कर्बर २००३ मध्ये व्यावसायिक झाली, २०११ च्या अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत पोचली तेव्हा क्रमवारीत ९२ वी होती, आणि अव्वल झाली २०१६ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनच्या पहिल्याच फेरीत मिसाकी दोईविरुद्ध मॅच पॉइंट (गमावला तर सामनाच हरायचा असा गुण) वाचवून ती पुढे विजेती ठरली. विशीत क्रमवारी अडकली म्हणून खेळ सोडायला निघालेल्या घरांनी हे वर्ष नीट पाहावं. पण तिची वाट सरळही नव्हती. २०१७ मध्ये ती पहिल्या वीसांतूनही बाहेर गेली.

ग्राफचा १९८८ चा पॅरिसमधला (फ्रेंच ओपनचा) अंतिम सामना, ६-०, ६-०, शिकण्याच्या कामाचा नाही, फार एकतर्फी. १९८७ चा पॅरिसचाच मार्टिना नवरातिलोवाविरुद्धचा अंतिम सामना घ्या, ६-४, ४-६, ८-६. आवाज बंद करा, चेंडूकडे पाहू नका, आणि प्रत्येक फटक्याआधी ग्राफ किती छोटी पावलं टाकते ती मुलीला मोजायला सांगा.