एफओबी की सीआयएफ? पहिला कंटेनर पाठवण्याआधी

तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याचा परवा फोन आला. पहिलाच निर्यातीचा कंटेनर, वीस फुटी, न्हावा शेव्याहून दुबईच्या जबेल अलीला. खरेदीदार म्हणतोय सीआयएफ रेट द्या. गावातला जुना निर्यातदार म्हणतोय, कशाला भानगडीत पडता, एफओबी द्या आणि मोकळे व्हा. "साहेब, दोन्हींत फरक भाड्याचाच ना?"

भाड्याचा आहेच. एफओबीत माल न्हावा शेव्याला जहाजावर चढेपर्यंतचा खर्च तुमचा: ट्रक, सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट), शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा कागद), इकडचं टर्मिनल हँडलिंग. पुढचं समुद्राचं भाडं खरेदीदार भरतो. सीआयएफमध्ये जबेल अलीपर्यंतचं भाडं आणि विम्याचा हप्ताही तुमच्याकडे. म्हणून कोटेशनमध्ये बंदराचं नाव हवंच, 'एफओबी न्हावा शेवा' किंवा 'सीआयएफ जबेल अली'. 'एफओबी दुबई' असं लिहिलेली कोटेशनं मी पाहिली आहेत; त्याचा अर्थ लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता जोखीम. बहुतेकांना वाटतं की सीआयएफ म्हणजे माल जबेल अलीला उतरेपर्यंत जबाबदारी आपली. तसं नाही. इन्कोटर्म्स २०२० (व्यापाराच्या अटींचे आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे दोन्हींत जोखीम एकाच जागी हात बदलते, माल इकडे जहाजावर चढला की. सीआयएफमध्ये भाडं तुम्ही भरलेलं असतं, पण वाटेत कंटेनर समुद्रात पडला तर नुकसान खरेदीदाराचं. विमाही तुम्ही त्याच्यासाठीच काढलेला असतो. हे सांगितलं तेव्हा फोनवर थोडा वेळ शांतता होती.

मग जोखीम सारखीच, तर निवडायचं कशावर? माझ्या मते एकाच प्रश्नावर: बीएल, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, जो दाखवून तिकडे माल सोडवतात, तो कोणाच्या हातात राहणार?

एफओबीत जहाज ठरवतो खरेदीदार, म्हणजे प्रत्यक्षात बहुतेकदा त्याने नेमलेला फॉरवर्डर (जहाजावर जागा बुक करणारा एजंट). लाइनचा, म्हणजे जहाज कंपनीचा, मूळ बीएल त्या फॉरवर्डरच्या नावावर निघतो आणि तुम्हाला मिळतो फॉरवर्डरने स्वतः काढलेला हाउस बीएल. कागद छान दिसतो, वर 'फ्रेट कलेक्ट' (भाडं खरेदीदाराकडून) असतं. पण हा फॉरवर्डर खरेदीदाराचा माणूस. तिकडे ओरिजिनल न घेताच माल सोडला, तर तुमच्या बँकेतून गेलेली कागदपत्रं पैसे न येता तशीच परत येतात. असं एक प्रकरण मी स्वतः हाताळलंय. बीएलचे तीन ओरिजिनल आमच्या ड्रॉवरमध्ये होते आणि माल महिनाभरापूर्वीच विकला गेला होता. दावा करता येतो हो, पण परदेशातल्या फॉरवर्डरवर दावा लावण्यात जो वेळ आणि पैसा जातो तो एका कंटेनरला परवडत नाही.

सीआयएफमध्ये लाइन तुम्ही निवडता, बुकिंग तुमचं, 'फ्रेट प्रीपेड' (भाडं भरलेला) बीएल थेट लाइनचा. तीनही ओरिजिनल तुमच्या बँकेत असेपर्यंत माल सहसा हलत नाही. कागदपत्रांवर पैसे येणार असतील, म्हणजे खरेदीदार बँकेत पैसे भरून बीएल सोडवून घेणार असेल, तर एवढ्या एका कारणासाठी मी सीआयएफ घेईन.

याची किंमत मात्र मोजावी लागते. समजा कोटेशनमध्ये कंटेनरला २०० डॉलर भाडं धरलं आणि बुकिंगच्या दिवशी ते ५०० झालं, तर वरचे ३०० तुमच्या नफ्यातून. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, आणि जुन्या दराने सीआयएफ कबूल केलेले लोक अडकले. तेव्हा कोटेशनवर मुदत टाका, सात दिवस पुरे. शिवाय १ ऑक्टोबर २०२२पासून निर्यातीच्या सागरी भाड्यावरची जीएसटीची सूट संपली आहे. परतावा मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. आणि सीआयएफने किंमत फुगली म्हणून ड्रॉबॅक किंवा रोडटेप (निर्यातदाराला सरकारकडून मिळणारे कर-परतावे) जास्त मिळेल या भ्रमात राहू नका. शिपिंग बिलात भाडं आणि विमा वजा करून एफओबी किंमतच धरली जाते.

विम्याचं थोडं बारकाईने बघा. सीआयएफमध्ये किमान 'क्लॉज सी', मालाच्या किमतीच्या ११० टक्के, एवढं बंधन आहे. पण क्लॉज सी म्हणजे आग, जहाज बुडणं, टक्कर असले मोठे प्रकार. कंटेनरच्या छताला पेन्सिल जाईल एवढं भोक असलं आणि पावसाचं पाणी झिरपून वरच्या थरातले बॉक्स भिजले, तर त्यात काही मिळत नाही. बेदाण्याला 'क्लॉज ए', म्हणजे सगळ्यात व्यापक विमा, घ्या. खरेदीदाराला तसं आधी सांगा, आवडतं त्याला. आणि भरण्यापूर्वी रिकाम्या कंटेनरमध्ये आत उभं राहून दारं बंद करून घ्या. उजेडाचा ठिपका दिसला तर कंटेनर परत पाठवा.

एक फट दोन्हींत आहे. तासगावहून निघालेला ट्रक घाटात उलटला, किंवा टर्मिनलमध्ये जहाजाची वाट बघत कंटेनर पडून असताना काही झालं, तर माल अजून जहाजावर चढलेला नाही, म्हणजे नुकसान तुमचं. एफओबीत खरेदीदाराचा विमा तुमच्या कामाचा नाही. सीआयएफच्या पॉलिसीत हा टप्पा धरलाय का ते बघा; नसेल तर, आणि एफओबीत नेहमीच, स्वतः वेगळा विमा काढून तो भरा. खरं तर कंटेनरच्या मालाला एफओबीपेक्षा एफसीए योग्य. त्यात कंटेनर वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम संपते. पण बाजारात सगळ्यांच्या तोंडात एफओबीच बसलंय.

एफओबी मी कधी सुचवेन? पैसे आगाऊ येत असतील, किंवा खरेदीदार मोठा असून लाइनकडून त्याला तुमच्यापेक्षा कमी दर मिळत असेल. तेव्हा उगाच भाड्याचा जुगार कशाला खेळायचा.

डीडीपीचं, म्हणजे ड्यूटी भरून खरेदीदाराच्या दारात माल देण्याचं, त्यांनी विचारलं. तिथली ड्यूटी, व्हॅट, क्लिअरन्स सगळं तुमच्या माथी. पहिल्या कंटेनरला नको.

खरेदीदार तीस टक्के आगाऊ देणार होता, बाकी कागदपत्रांवर. म्हणून शेवटी कोटेशनवर लिहिलं: 'सीआयएफ जबेल अली, इन्कोटर्म्स २०२०, विमा क्लॉज ए, दराची मुदत सात दिवस'. ट्रकचा विमा वेगळा काढायचा त्यांनी लगेच लिहून घेतला. रिकाम्या कंटेनरमध्ये स्वतः उभं राहायचं म्हटल्यावर मात्र हसले, म्हणाले, पोराला पाठवतो.