थेंब मोजायचे आठ महिने: स्विमिंग पूलच्या पाण्याचं टेस्ट किट

पाणी तपासायच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या सोडून थेंबांच्या किटवर आले त्याला आता आठ महिने झाले. पहिल्या पंधरा दिवसांत लिहायला बसले असते तर 'नुसती कटकट, पट्टीच बरी' एवढंच लिहिलं असतं. बरं झालं थांबले.

आमचा पूल साधारण ६०,००० लिटरचा, उघड्यावर, दिवसभर ऊन खाणारा. दोन वर्षं त्यात तरंगत्या डब्यातून क्लोरीनच्या गोळ्या जात होत्या आणि तपासणी म्हणजे पट्टी. बुडवायची, डबीवरच्या रंगांशी ताडून बघायची, "ठीक दिसतंय" म्हणायचं. पट्टी ठीक आणि पाणी बेठीक. पायरीवर बोट फिरवलं की बुळबुळीत लागायचं, कोपऱ्यात हिरवी झाक यायची. मग आणखी गोळ्या टाकायच्या. त्यात खरी चूक कुठे होती ते किट आल्यावर कळलं.

क्लोरीनची चाचणी ही या किटमधली सगळ्यात सरस गोष्ट. नळीत १० मिली पाणी घ्यायचं, त्यात चमचीभर पावडर टाकायची, पाणी गुलाबी होतं. मग बाटलीतून एकेक थेंब सोडायचा, नळी हलवायची, पुढचा थेंब. शेवटी एका थेंबाला रंग पार उडतो. थेंबामागे ०.५ पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात अर्धा भाग), म्हणजे सात थेंब लागले तर ३.५. छटा ओळखत बसायचं नाही. रंग आहे की गेला, एवढंच बघायचं. त्यानंतर दुसऱ्या बाटलीतले पाच थेंब टाकल्यावर पाणी पुन्हा गुलाबी झालं तर तो क्लोरामाइनचा हिशेब. घाम, लघवी यांच्याशी लढून अडकून पडलेला हा क्लोरीन. पूलला जो 'क्लोरीनचा वास' येतो तो याचाच. वास आला की क्लोरीन जास्त झाला असं आम्ही समजायचो आणि डबा बाहेर काढून ठेवायचो. अगदी उलटं!

आता मुख्य गोष्ट, स्टॅबिलायझर. म्हणजे सायन्युरिक ॲसिड. ते अजिबात नसेल तर कडक उन्हात क्लोरीन बघता बघता उडून जातो, म्हणून ३० ते ५० पीपीएम हवंच. पण गोळ्यांमध्ये ते आधीच असतं. २०० ग्रॅमच्या एका गोळीतून आमच्या पूलमध्ये ३ पीपीएम क्लोरीन जातो आणि सोबत जवळपास २ पीपीएम स्टॅबिलायझर. क्लोरीन वापरला जातो, स्टॅबिलायझर तिथेच साचत राहतं. बॅकवॉशला, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना, जे पाणी बाहेर जातं, तेवढंच काय ते कमी होतं.

स्टॅबिलायझरची चाचणी गढूळपणाची आहे. पूलचं पाणी आणि किटमधलं द्रावण मिसळलं की दुधट होतं. ते हळूहळू एका नळीत ओतायचं, वरून तळाचा काळा ठिपका बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की नळीवरचा आकडा वाचायचा. आमचा ठिपका १०० च्या खुणेपर्यंतसुद्धा टिकला नाही, म्हणजे आकडा १०० च्याही वर. मग निम्मं पूलचं, निम्मं नळाचं पाणी घेऊन पुन्हा केलं. ७० आले. दुप्पट करा, १४०! पूल सांभाळणाऱ्यांचा ठोकताळा असा की मोकळा (कशात न अडकलेला) क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के तरी हवा. म्हणजे आम्हाला १० च्या आसपास लागत होता आणि आम्ही २-३ वर खूश होतो. शेवाळ काय, ते तर वाढणारच.

यावर औषध नाही, पाणी बदलणं हाच उपाय. अर्धं काढलं, भरलं, आठवड्याने पुन्हा अर्धं. पूर्ण रिकामा मात्र करू नका. खाली भूजल वर आलेलं असेल तर रिकामं टाकं उचललं जाऊ शकतं. शेवटी आकडा ४० वर आला. अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद, ७० वर उतरली होती, ती ८० ते १२० मध्ये हवी. आमच्या पूलला १० पीपीएम वाढवायला बरोब्बर एक किलो खाण्याचा सोडा लागतो. एवढा सरळ हिशेब पूलच्या बाबतीत क्वचितच लागतो, म्हणून तो मी पंपाच्या खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवलाय.

गोळ्या बंद करून आता रोज लिक्विड क्लोरीन. १० टक्क्यांच्या द्रावणातले ६०० मिली म्हणजे आमच्याकडे १ पीपीएम. हा प्रकार उन्हात ठेवला तर कॅनमध्येच मरतो, हे एक कॅन वाया घालवून शिकले. आणि गोळ्यांच्या डब्यात दुसऱ्या जातीचा क्लोरीन, विशेषतः कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर, चुकूनही टाकू नका. स्फोट होऊ शकतो.

तक्रारी आहेतच. पीएच अजूनही रंग जुळवूनच बघावा लागतो, ७.४ की ७.६ यावर आमच्या घरी वाद होतात. क्लोरीन १० च्या वर असेल तर तो रंगही जांभळटतो, त्या दिवशी पीएच वाचायचाच नाही. कॅल्शियमच्या चाचणीत लालाचा निळा व्हायला हवा, आमचा जांभळ्यावरच अडकायचा. पूर्वी तांब्याचं शेवाळनाशक टाकलं होतं, त्याचे प्रताप. मोजायच्या बाटलीतले पाच-सहा थेंब आधीच टाकून (आणि मोजणीत धरून) मग बाकीचं केलं की निळं होतं. बाटल्यांवरची अक्षरं ओल्या हातांनी दोन महिन्यांत पुसली गेली, मार्करने आकडे घातले. बाटलीच्या टोकाला कधीकधी स्थिर वीज साचते, थेंब बारीक पडतात आणि आकडा उगाच वाढतो. ओल्या फडक्याने टोक पुसायचं. हे किटच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही.

एक फायदा अनपेक्षित. बाबांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यामुळे पट्टी त्यांच्या कामाची नव्हती. अल्कलिनिटीच्या चाचणीत हिरव्याचं लाल होतं, ती मी करते. क्लोरीन मात्र त्यांच्याकडे. रोज संध्याकाळी पांढऱ्या कागदासमोर नळी धरून "पाच... सहा... सात, गेला!" असं मोठ्याने मोजतात. कोपरापर्यंत हात बुडवूनच नमुना घेतात, पाणी आत सोडणाऱ्या तोंडापासून लांब. माझ्यापेक्षा शिस्त त्यांची.

पायऱ्या सहा महिन्यांत एकदाही बुळबुळीत झाल्या नाहीत. पीएच मात्र दर आठवड्याला थोडा चढतो, कारंजामुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो म्हणून; आठवड्याला थोडं ॲसिड लागतंच, ते या किटने टळलेलं नाही. क्लोरीनची पावडर संपत आलीय, या वेळी मोठी डबी मागवली. स्टॅबिलायझरचं द्रावण लहानच घेतलं, आता ते महिन्यातून एकदाच लागतं.