बिटकॉइन: एक्स्चेंजवर, हातोहात की स्वतःच्या वॉलेटात?

रुपये परत फिरू शकतात, कॉइन फिरत नाही. बँक तक्रार घेते, रक्कम अडवते, खातं गोठवते. बिटकॉइनचा व्यवहार एकदा ब्लॉकमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक नोंदवहीच्या एका पानात, गेला आणि त्यावर आणखी पाच ब्लॉक चढले, म्हणजे साधारण तासभर गेला, की तो उलटवणं कोणाच्याही हातात राहत नाही. पुढे जे धोके येतील त्यांतले बरेचसे या एका फरकातूनच निघतात, म्हणून तो आधी सांगितला.

नाशिकच्या सातपूर-अंबडला नोकरी करून महिन्याला दोन-पाच हजार बाजूला टाकणारा असो की गंगापूर रोडला फ्लॅट विकून आलेल्या पैशांतले काही लाख लावू पाहणारा, दोघांपुढे प्रश्न दोन असतात. कॉइन घ्यायचं कुठून, आणि ठेवायचं कुठे? लोक दोन्हींचं उत्तर एकाच ॲपमध्ये शोधतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

हातोहात, म्हणजे पी-टू-पी

ही वाट सगळ्यात जुनी. २०११ च्या सुमारास आयआरसी या जुन्या चॅट-सेवेवर ‘बिटकॉइन-ओटीसी’ नावाचं चॅनेल होतं. तिथे लोक एकमेकांशी थेट सौदा करत, ओळख जीपीजी किल्लीने, म्हणजे डिजिटल सहीने, पटवत आणि सौदा झाला की समोरच्याला उणे दहा ते अधिक दहा यांतले गुण देत. गुण किती यापेक्षा ते कोणी दिलेत हे जाणकार आधी बघत, कारण आपल्याच चार खोट्या नावांनी स्वतःला गुण देणं अवघड नव्हतं. त्याहून चिवट डाव म्हणजे वर्षभर छोटे सौदे चोख करायचे, नाव कमवायचं आणि एका मोठ्या सौद्यात गायब व्हायचं. आणि पेपालने पैसे घेणारे विक्रेते तर हमखास बुडत. कॉइन पाठवून झालं की काही दिवसांनी घेणारा पेपालकडे तक्रार करून रक्कम परत ओढून घ्यायचा.

आज पेपालच्या जागी यूपीआय आणि आयएमपीएस आले, गोम तीच राहिली. ॲप विकणाऱ्याचं कॉइन अडकवून ठेवतं, घेणारा थेट विकणाऱ्याच्या बँक खात्यात पैसे टाकतो, विकणारा ‘रिलीज’ दाबतो. कॉइनची बाजू ॲप सांभाळतं. रुपयांची बाजू मात्र कोणीच सांभाळत नाही.

समजा, हैदराबादच्या कोणाला डिजिटल अरेस्टच्या नावाखाली लुटलं. त्याचे पैसे चार खात्यांतून फिरत तुमच्या खात्यात यूएसडीटीची, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या कॉइनची, किंमत म्हणून आले. त्याने १९३० या सायबर-फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला की पैसे जिथे जिथे गेले ती खाती साखळीने अडवली जातात. कधी तेवढ्याच रकमेवर लीन (काढण्यावर रोख) लागतो, कधी अख्खं खातं फ्रीज होतं. तुम्ही प्रामाणिकपणे कॉइन विकलं हे खरं असलं तरी ते पटवून द्यायचं परराज्यातल्या तपास अधिकाऱ्याला, आणि तोवर घराचा हप्ता बाउन्स. अशा वेळी शाखेत जाऊन वाद घालण्यापेक्षा तक्रारीचा पावती क्रमांक, पोलीस ठाणं आणि अडवलेली नेमकी रक्कम या तीन गोष्टी लेखी मागून घ्या. मग ऑर्डर क्रमांक, समोरच्याचं केवायसीवरचं नाव, चॅट आणि बँक स्टेटमेंट जोडून त्या अधिकाऱ्याला ईमेल करा.

तरीही हा मार्ग घ्यायचाच असेल तर पगाराचं खातं त्यापासून दूर ठेवा. ॲपवर नाव एकाचं आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यातून आले तर कॉइन सोडू नका. ॲपमध्येच वाद नोंदवा. रक्कम परत करायचीच झाली तर ती आली त्याच खात्यात करा. पैसे जमा झाले का हे बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघून ठरवायचं. एसएमएस आणि स्क्रीनशॉट दोन्ही खोटे बनतात. आणि बाजारापेक्षा दोन-तीन रुपये जास्त देणारा यूएसडीटीचा गिऱ्हाईक भेटला तर खूश होऊ नका, तो भाव बहुतेक वेळा घाण पैसा धुण्याची मजुरी असते.

कॉलेज रोडच्या कॅफेत बसून रोखीचा सौदा करणाऱ्यांना वाटतं की बँकच नाही म्हटल्यावर भीती कसली? एका व्यवहारापोटी ₹२ लाख किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. शिवाय खासगी सौद्यात एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. ती बहुतेकांच्या गावीही नसते.

दोन ठिकाणच्या भावातला फरक खाण्यासाठी नवख्याने पी-टू-पीत उतरू नये, हे आमचं स्पष्ट मत. टक्का-दीड टक्का नफ्यासाठी अख्खं खातं पणाला लागतं.

एक्स्चेंज

नाव, पॅन आणि बँक खातं जुळवून घेणारं, वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे म्हणजे एफआययूकडे नोंदलेलं भारतीय एक्स्चेंज ही खरेदीची सर्वांत सोपी जागा. मार्च २०२३ पासून ही एक्स्चेंजेस मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली आहेत. पण नोंदणी म्हणजे हमी नव्हे. बँकेतल्या ठेवीला ₹५ लाखांपर्यंत विमा असतो, एक्स्चेंजवरच्या कॉइनला तसलं काही नाही. तिथे दिसणारा आकडा म्हणजे त्यांच्या वहीत तुमच्या नावे लिहिलेली उधारी.

ती वही कशी बुडते हे जुन्या लोकांनी टोकियोच्या माउंट गॉक्समध्ये पाहिलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये पैसे काढणं बंद झालं, मग दिवाळखोरी. सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं, त्यांतले दोन लाख नंतर एका जुन्या वॉलेटात सापडले. घेणेकऱ्यांना कॉइन परत मिळायला सुरुवात झाली जुलै २०२४ मध्ये. त्याच महिन्यात, १८ तारखेला, आपल्याकडे वझीरएक्समधून २३ कोटी डॉलरच्या आसपास मालमत्ता गेली. ते वॉलेट अनेक सह्यांचं होतं, म्हणजे एकाच्या किल्लीने न उघडणारं. तरी गेलं, कारण कंपनीच्या म्हणण्यानुसार सही करताना स्क्रीनवर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही दुसऱ्याच व्यवहारावर होत होती. ग्राहकांना आपलं क्रिप्टो काढता येईना ते वर्षाहून अधिक काळ.

खातं उघडताना नाशिककराने विचारायचा पहिला प्रश्न: या ॲपमधून कॉइन बाहेरच्या वॉलेटात पाठवता येतं का? काही ॲप्स खरेदी-विक्री देतात, पण कॉइन बाहेर जाऊ देत नाहीत. तिथे घेतलेलं बिटकॉइन म्हणजे भावाचा कागद. फुकट ‘शून्य शुल्क’ दिसलं तर खरेदी आणि विक्रीच्या भावातलं अंतर मोजा, शुल्क तिथे लपलेलं असतं.

खात्याची सुरक्षितता फारशी अवघड नाही, आळस नडतो. लॉगिनची दुसरी पायरी एसएमएस ओटीपीवर ठेवू नका, सिम स्वॅप झालं, म्हणजे तुमचा नंबर चोराच्या सिमवर गेला, की ती गेली. ऑथेंटिकेटर ॲप वापरा आणि ते सुरू करताना दिसणारी गुप्त किल्ली कागदावर उतरवून ठेवा. ती नसेल आणि फोन सीबीएस बसस्थानकाच्या गर्दीत हरवला, तर स्वतःच्याच खात्यात शिरायला केवायसीचे सोपस्कार नव्याने करावे लागतात. कॉइन कोणत्या वॉलेट-पत्त्यांवर काढता येईल हे आधी ठरवून देण्याची सोय असेल तर चालू करा. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका. तिथला माणूस गोड बोलून स्क्रीन शेअर करायला लावतो आणि पुढचं तुमच्या डोळ्यांदेखत होतं.

स्वतःचं वॉलेट

इथे कॉइन खर्च करायची किल्ली, म्हणजे एक गुप्त आकडा, तुमच्याच हाती असते, म्हणून कोणावर भरवसा ठेवायचा नसतो असं म्हणतात. ते अर्धंच खरं, कारण भरवसा स्वतःच्या शिस्तीवर ठेवावा लागतो, आणि ते जास्त अवघड.

सुरुवातीच्या बिटकॉइन सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या किल्ल्या ‘वॉलेट डॉट डॅट’ नावाच्या एका फाइलमध्ये असत. सॉफ्टवेअर १०० किल्ल्या आधीच बनवून ठेवायचं. लोक फाइलची प्रत एकदा पेन ड्राइव्हवर घेऊन निश्चिंत होत. पण प्रत्येक व्यवहारात उरलेली मोड नव्या किल्लीवर जाते, त्यामुळे शंभर किल्ल्या संपल्यावरची रक्कम जुन्या प्रतीत नसायचीच. डिस्क गेली की रक्कम गेली. आजच्या १२ किंवा २४ शब्दांच्या सीडने ही कटकट संपवली. सगळ्या पुढच्या किल्ल्या त्या शब्दांतूनच निघतात. शब्द २०४८ ठरलेल्या इंग्रजी शब्दांच्या यादीतले असतात आणि प्रत्येकाची पहिली चार अक्षरं वेगळी असतात. ही चार अक्षरांची गोष्ट पुढे उपयोगी पडते.

शब्द फोनच्या गॅलरीत, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवायचे नाहीत. कागद चालतो, पण पाण्याशी त्याचं जमत नाही. गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुती बुडायला लागला की सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या तळमजल्यांचं काय होतं हे सांगायला नको. नाशिकरोडच्या प्रेसमधली नोट भिजली-फाटली तर बँक बदलून तरी देते. स्टेनलेसची पट्टी घ्या, ३०४ ग्रेडची, दीड-दोन मिलिमीटर जाड. अंबडच्या कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे तुकड्यांत मिळेल. ॲल्युमिनियम नको, ते ६६० अंशांना वितळतं. पण शब्द कोरून घ्यायला त्याच्याकडे देऊ नका, कोरणाऱ्याने वाचले की कॉइन दोघांचं झालं. हार्डवेअरच्या दुकानात इंग्रजी अक्षरांचा पंच सेट मिळतो, तीन किंवा चार मिलिमीटरचा. चार अक्षरं गुणिले २४, म्हणजे जास्तीत जास्त ९६ ठोके. पट्टी लाकडावर न ठेवता लोखंडी ठोकळ्यावर ठेवा आणि एकाच जोरदार ठोक्यात अक्षर उमटवा. हळू हळू चार ठोके मारलेत तर पंच सरकून अक्षर दुहेरी होतं, शिवाय ३०४ ठोकल्याने आणखी कडक होत जातं. शब्दांचा क्रमही उमटवा. अक्षरांऐवजी यादीतला क्रमांक ठोकायची युक्ती काही जण करतात. त्यात मोजणी शून्यापासून की एकापासून हे लिहायचं राहिलं तर प्रत्येक शब्द एक घर सरकतो.

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ल्या स्वतःत ठेवणारं छोटं यंत्र, कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. डब्यात आधीच शब्द लिहिलेलं कार्ड निघालं तर ते उपकरण चोराचं समजा. शब्द यंत्राने तुमच्यासमोर नव्याने बनवायचे असतात. मग हा क्रम पाळा: शब्द उतरवा, पाचशे-हजार रुपयांचं कॉइन पाठवा, उपकरण पूर्ण पुसा, पट्टीवरून पुन्हा उभं करा. शिल्लक दिसली तरच मोठी रक्कम. बहुतेक लोक पुसण्याची पायरी भीतीने गाळतात आणि पट्टीवरची चूक पाच वर्षांनी कळते. जादा पासफ्रेज, म्हणजे सीडच्या जोडीला स्वतःचा गुप्त शब्द, लावणाऱ्यांसाठी इशारा: तो चुकला तर उपकरण ‘चूक’ म्हणत नाही, दुसरंच रिकामं वॉलेट उघडून दाखवतं.

पत्ता कॉपी-पेस्ट केल्यावर उपकरणाच्या स्क्रीनवर ताडून बघा. क्लिपबोर्डवरचा पत्ता बदलणारे व्हायरस आहेत, आणि पहिली-शेवटची चार अक्षरं सारखी असलेले बनावट पत्ते व्यवहारांच्या यादीत पेरून ठेवणारेही आहेत. मधली अक्षरं बघा. यूएसडीटी पाठवत असाल तर नेटवर्क दोन्हीकडे एकच हवं. टीआरसी-२० चं, म्हणजे ट्रॉन नेटवर्कवरचं, कॉइन चुकीच्या नेटवर्कवर गेलं तर परत मिळणं समोरच्या एक्स्चेंजच्या मर्जीवर.

बिटकॉइनचं नेटवर्क शुल्क रकमेवर नसतं, व्यवहाराच्या आकारावर असतं. दर आठवड्याला ₹५०० चं घेऊन लगेच वॉलेटात पाठवलंत तर वर्षाअखेरीस पन्नासेक चिल्लर तुकडे जमतात. सगळे एकत्र खर्च करताना प्रत्येक तुकडा सुमारे ६८ व्हर्च्युअल बाइट खातो, पन्नासांचे ३४००. दर बाइटला २० सातोशी (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग म्हणजे एक सातोशी) असेल तर ६८,००० सातोशी केवळ सुट्ट्या पैशांपायी. एक्स्चेंजवर साठवा आणि तीन-चार महिन्यांनी एकदा काढा.

कराच्या बाबतीत

तिन्ही वाटांना नियम एकच. नफ्यावर ३० टक्के आणि त्यावर चार टक्के उपकर. तोटा वजा होत नाही. एका कॉइनमध्ये ₹६०,००० कमावले आणि दुसऱ्यात तेवढेच घालवले तरी कर ₹१८,७२०. विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो, आणि रोज ट्रेडिंग करणाऱ्याला तोच गळफास होतो. ₹१ लाख घेऊन नफा-तोटा न होता ५० वेळा विकलं-घेतलं तर हातात सुमारे ₹६०,५०० उरतात. बाकीचे रिटर्न भरून परतावा येईपर्यंत अडकून पडतात. यूएसडीटी देऊन बिटकॉइन घेणं हीही विक्रीच. स्वतःच्याच वॉलेटात हलवणं मात्र विक्री नाही. व्यवहारांची यादी दर मार्चमध्ये उतरवून ठेवा, एक्स्चेंज बंद पडलं तर हिशेबही जातो.

मग घ्यायचं काय?

खरेदी एक्स्चेंजवरच. ठेवण्याचं उत्तर रकमेवर ठरवा: उपकरणाची किंमत कॉइनच्या दहा टक्क्यांहून जास्त पडत असेल तर एक्स्चेंजवरच राहू द्या, तेवढा धोका पत्करा. लाखाच्या पुढे गेलात आणि दोन वर्षं हात लावायचा नसेल तर स्वतःचं वॉलेट. आणि महिन्याला ठरलेला परतावा देतो म्हणून कोणी तुमचं कॉइन मागितलं तर ही तुलना तिथे लागूच होत नाही. २०११-१२ मध्ये ‘पायरेट’ नावाने वावरणारा आठवड्याला सात टक्के द्यायचा आणि त्याच्यावर भल्याभल्यांचा भरवसा होता. गेनबिटकॉइन या गुंतवणूक योजनेने महिन्याला दहा टक्के सांगितले, त्याचे गुन्हे पुण्यात आणि नांदेडला नोंदले गेले. केबीसी कंपनीचा गुंतवणूक घोटाळा पाहिलेल्या नाशिकला तो हिशेब नव्याने शिकवायची गरज नसावी.

स्वतःचं वॉलेट निवडलं तर घरच्यांसाठी एक पान लिहा: उपकरण कोणतं, पट्टी कुठे, कोणाला विचारायचं. एक्स्चेंजवर वारसाला मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काची कागदपत्रं घेऊन दाद मागता येते. इथे दाद मागायला कोणी नाही. पान घरात, पट्टी बँकेच्या लॉकरमध्ये, आणि लॉकरला नॉमिनी लावलेला आहे ना हे शाखेत जाऊन एकदा बघून या.