पाचशे रुपयांचा ओबीडी डोंगल एअर फ्लो सेन्सरचा दोष पकडतो का?

गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये (दोषांचे कोड वाचायच्या खोबणीत) लागणारा, ईएलएम३२७ नावाने मिळणारा ब्लूटूथ डोंगल, अँड्रॉइड फोन, त्यावर टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर. एवढ्या सामानात एअर फ्लो सेन्सर, म्हणजे इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा सेन्सर, खरोखर गेलाय की नाही हे घरच्या घरी ठरवता येतं का, एवढ्यापुरतंच हे परीक्षण. पेट्रोल गाडीत येतं, आणि चांगलं येतं. डिझेलमध्ये अर्धी वाट चालता येते. मारुतीच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत तर तपासायला हा सेन्सरच नसतो. तिथे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजून इंजिनाचा संगणक हवेचा हिशेब लावतो.

यातच पहिली फसगत आहे. सेन्सर नसलेल्या गाडीतही टॉर्क ॲप हवेचा आकडा दाखवू शकतं, कारण ते दाब, आरपीएम आणि इंजिनाचे सीसी यांवरून तो स्वतःच काढतं. आकडा हलताना दिसला की सेन्सर आहे असं वाटतं. म्हणून बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्यापासून निघणाऱ्या नळीवर चार-पाच वायरींचा सेन्सर बसवलेला आहे का, हे आधी डोळ्यांनी बघा.

डोंगल घेताना

खोक्यावरच्या आवृत्तीच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. मूळ चिप बनवणाऱ्या कॅनडातल्या कंपनीने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नव्हती, आणि ती कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली. म्हणजे बाजारातला ‘१.५’ हा नक्कलच. तरी गंमत अशी की, २.१ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच नगांत काही आज्ञा उतरवलेल्याच नसतात, आणि त्यापेक्षा १.५ वाली नक्कल बरी चालते. परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या. जोडणीचा पिन १२३४ किंवा ०००० असतो. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ डोंगल चालणार नाही. वायफायचा किंवा ब्लूटूथ एलई असलेला घ्यावा लागतो.

गाडी एप्रिल २०१३ नंतरची बीएस-४ असेल तर ओबीडी-२ बंधनकारक असल्याने अडचण येऊ नये. त्याआधीच्या गाड्यांत नशिबाचा भाग आहे.

वेग हे या डोंगलचं सगळ्यात दुखरं अंग. पडद्यावर आठ-दहा मीटर लावले की प्रत्येक आकडा सेकंद-दोन सेकंदांनी बदलतो, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर नेमकं काय झालं ते निसटून जातं. चारच आकडे ठेवा: आरपीएम, हवेचा प्रवाह (ग्रॅम प्रति सेकंद), लाँग टर्म फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या हिशेबात संगणक करत असलेली टिकाऊ दुरुस्ती, टक्क्यांत; अधिक म्हणजे जास्त पेट्रोल) आणि मागच्या, म्हणजे एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरच्या, ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज. नोंद फाइलमध्ये साठवायला लावा आणि नंतर घरी बसून वाचा.

कोड म्हणजे निकाल नव्हे

पी०१०२ आणि पी०१०३ हे सर्किटचे कोड आहेत: सिग्नल फारच खाली किंवा फारच वर. तिथे आधी कनेक्टर आणि वायरिंग बघायचं. पी०१०१ चा अर्थ वेगळा. सेन्सर सांगतोय तो आकडा आणि थ्रॉटल, आरपीएम वगैरे बघून संगणकाला अपेक्षित असलेला आकडा जुळत नाही, एवढंच तो म्हणतो. सेन्सर खोटं बोलत असेल, किंवा पुढची रबरी नळी फाटलेली असेल. बरीच गॅरेजं इथेच काही हजारांचा नवा सेन्सर बसवून मोकळी होतात. पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, हा कोड आला तरी तेच होतं.

कोड पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढा. पुसल्यावर फ्रीझ फ्रेम जाते (म्हणजे दोष आला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमला होतं याची नोंद), आणि शिकलेली ट्रिमही शून्यावर येते. सगळ्यात कामाचा पुरावा तोच असतो.

ट्रिम दोन ठिकाणी वाचा

या डोंगलची खरी किंमत इथे वसूल होते. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद. एक मिनिट आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम बघा, मग २५०० आरपीएमला धरून एक मिनिट बघा. उणे-अधिक ५ टक्क्यांपर्यंत ठीक, १० च्या पुढे कान टवकारायचे.

आयडलिंगला अधिक १८ आणि २५०० ला अधिक ४ असं दिसलं तर कुठेतरी हवा चोरून आत येतेय. आयडलिंगला एकूण हवाच थोडी, त्यामुळे तेवढ्याच गळतीचा वाटा मोठा दिसतो. प्रवाह वाढला की तो बुडून जातो. सेन्सर आणि थ्रॉटलमधली घड्यांची रबरी नळी हाताने ताणून, टॉर्च लावून प्रत्येक घडीच्या आत बघा. चीर घडीच्या तळाशी असते आणि नळी सैल असताना मिटलेली राहते. इंजिन हललं की तोंड उघडते.

उलट, आयडलिंगला शून्याच्या आसपास किंवा किंचित उणे आणि लोडखाली अधिक १५ असं दिसलं तर मळलेल्या सेन्सरची शंका घ्या. सेन्सरमधली तार विजेने तापवलेली असते. वाहती हवा ती गार करते, आणि तापमान राखायला जितका विजेचा प्रवाह द्यावा लागतो त्यावरून हवा मोजली जाते. तारेवर धुळीचं पांघरूण चढलं की जोराची हवाही तिला पुरेशी गार करू शकत नाही, आणि सेन्सर हवा कमी सांगतो. संगणक त्या हिशेबाने पेट्रोल कमी सोडतो, ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, ट्रिम चढते. गाडी चढावर पिकअप घेत नाही ती याचमुळे.

आकडा कमी आहे हे कसं ठरवायचं

ॲप नुसता आकडा दाखवतं, बरोबर-चूक सांगत नाही. हिशेब आपणच करायचा. उदाहरणाला २०१४ नंतरची टोयोटा कोरोला अल्टिस पेट्रोल घेऊ, इंजिन १७९८ सीसी. गरम इंजिनाला आयडलिंगला साधारण दोन ग्रॅमच्या आसपास, आणि उभ्या गाडीत २५०० आरपीएमला सहा ते नऊ ग्रॅम प्रति सेकंद दिसायला हवेत. पण हे आकडे इतके लहान असतात की मळलेला सेन्सरही इथे पास होतो. खरी परीक्षा पूर्ण ॲक्सिलरेटरवर.

मोकळा रस्ता, दुसरा गिअर, पूर्ण ॲक्सिलरेटर, ४००० आरपीएमपर्यंत. फोन शेजारी बसलेल्याच्या हातात. चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं, म्हणजे मिनिटाला २००० वेळा १.७९८ लिटर, सेकंदाला जवळपास ६० लिटर. पुण्याच्या उंचीवर, तीस अंशांना एक लिटर हवा १.०९ ग्रॅम भरते (मुंबईत १.१६ च्या आसपास). म्हणजे शंभर टक्के भरलं तर ६५ ग्रॅम. चांगलं इंजिन या आरपीएमला ८५ ते ९५ टक्के भरतं, म्हणून ५५ ते ६२ दिसायला हवेत. उंचीचा हिशेब विसरलात तर पुण्यातल्या चांगल्या सेन्सरलाही दोषी ठरवाल.

आता मागच्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघा. पूर्ण ॲक्सिलरेटरवर संगणक मिश्रण मुद्दाम घट्ट करतो (पेट्रोल जास्त सोडतो), त्यामुळे तिथे ०.८ व्होल्टच्या वर दिसायला हवं. प्रवाह ४२ ग्रॅम आणि व्होल्टेज ०.२ च्या खाली: सेन्सर हवा कमी सांगतोय. प्रवाह ४२ पण व्होल्टेज ०.८ च्या वर आणि ट्रिमही ठीक: सेन्सर खरं बोलतोय, हवाच कमी येतेय; एअर फिल्टर तुंबलाय किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलाय. प्रवाह ५८ म्हणजे बरोबर, तरी व्होल्टेज खाली: हवा ठीक मोजली जातेय, पेट्रोल पोचत नाही, पंपाचा दाब तपासा. पाचशे रुपयांच्या वस्तूकडून एवढा निवाडा मिळतो, हे माझ्या मते कौतुकाचं आहे.

मल्टिमीटर कुठे लागतो

सर्किटचा कोड असेल तेव्हा. कनेक्टर लावलेला ठेवून मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवा. वायरीचं आवरण टोचून भोक पाडू नका. कोकणातल्या एका पावसाळ्यात तिथे हिरवा गंज धरतो. सेन्सरला बॅटरीएवढा व्होल्टेज मिळतोय का आणि चालू इंजिनात अर्थिंगच्या वायरीवर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसत नाही ना, हे बघा. टोयोटाच्या या सेन्सरचा सिग्नल ०.२ ते ४.९ व्होल्टच्या आत असतो आणि रेस केल्यावर सलग चढायला हवा. आयडलिंगला असताना सेन्सरवर स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने हलकेच टिचकी मारा. इंजिन अडखळलं तर आतला जोड सुटलाय, साफसफाई करण्यात अर्थ नाही. काही नव्या सेन्सरांचा सिग्नल फ्रिक्वेन्सीत असतो, तिथे व्होल्टमीटर काहीच धड सांगत नाही. हर्ट्झ मोजणारा मीटर घ्या.

‘कनेक्टर काढून गाडी बरी चालली तर सेन्सर गेला’ हा गॅरेजमधला लाडका उपाय. काढल्यावर संगणक अंदाजावर गाडी चालवतो. गाडी सुधारली तर संशय वाढतो, पुरावा होत नाही.

स्प्रे

एअर फ्लो सेन्सरसाठीचा खास क्लीनरच घ्या. सीआरसी आणि लिक्वी मोली दोघांचाही मिळतो. कार्ब्युरेटर क्लीनर स्वस्त पडतो, पण तो प्लास्टिक खातो आणि मागे थर सोडतो. अल्टिसचा सेन्सर दोन स्क्रूंवर निघतो. बॉश बनावटीच्या बऱ्याच सेन्सरांना मध्ये भोक असलेला टी-२० टॉर्क्स पाना लागतो, तो आधीच आणून ठेवा. बाहेर लोंबणारा छोटा मणी हवेचं तापमान मोजतो. हवा मोजणारी तार आतल्या अरुंद वाटेत असते, आणि लोक नेमका मणीच धुऊन सेन्सर परत बसवतात. दहा-पंधरा फवारे आतल्या वाटेत, कापसाची काडी नाही, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नाही. पूर्ण वाळू द्या, द्रव ज्वालाग्राही असतो.

तारेच्या सेन्सरवर गुण येतो. बॉशच्या पातळ फिल्मच्या सेन्सरवर तेल चढलेलं असेल तर फारसा येत नाही. तेल लावायच्या स्पोर्ट्स फिल्टरला जास्त तेल चोपडलं की ते इथेच येऊन बसतं. फिल्टर न बदलता दर सर्व्हिसिंगला कॉम्प्रेसरने हवा मारून तोच पुन्हा बसवणं, हे धुळीचं एक मोठं कारण.

डिझेलवाल्यांसाठी

१.३ डीडीआयएस, मल्टिजेट वगैरे इंजिनांत हा सेन्सर मुख्यतः ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किती उघडायचा आणि धूर होऊ नये म्हणून डिझेल किती आवरायचं, यासाठी असतो. फ्युएल ट्रिम नसते, त्यामुळे या डोंगलची सगळ्यात चांगली युक्ती इथे हातातून जाते. ग्रॅम प्रति सेकंदाला ३०,००० ने गुणून आरपीएमने भागलं की चार सिलिंडर इंजिनात एका स्ट्रोकला किती मिलिग्रॅम हवा गेली ते मिळतं. १२४८ सीसीला, पुण्यात, ईजीआर बंद असताना आयडलिंगला ३०० च्या आसपास यायला हवेत, ईजीआर उघडल्यावर बरेच कमी. आकडा दोन्ही वेळा तेवढाच राहिला तर सेन्सर किंवा ईजीआर, दोघांपैकी एक अडकलाय. त्यातला कोण, हे कळायला अपेक्षित आणि प्रत्यक्ष हवा शेजारी-शेजारी दाखवणारं कंपनीच्या भाषेतलं सॉफ्टवेअर लागतं: फोक्सवॅगन गटाला व्हीसीडीएस, फियाटच्या इंजिनाला मल्टीईसीयूस्कॅन. सर्वसाधारण ॲपमध्ये ते दिसत नाही.

दोन सूचना. डोंगलच्या १६ नंबरच्या पिनेला बॅटरी कायम जोडलेली असते, चावी काढली तरी. थोडा थोडा प्रवाह जात राहतो. गाडी तीन आठवडे उभी राहणार असेल तर डोंगल काढून ठेवा. आणि नवा सेन्सर बसवलाच, तर शंभरेक किलोमीटर चालवून ट्रिम उणे-अधिक ५ मध्ये बसेपर्यंत जुना फेकू नका. नक्कल सेन्सर बऱ्याचदा खोक्यातून काढल्यापासूनच चुकीचं मोजत असतो, आणि तसं झालं तर धुतलेला जुनाच परत बसवावा लागतो.