दादरचं लहान मुलांचं स्किन क्लिनिक: एक स्टार वेटिंगसाठी कापला

चिऊ दोन आठवड्यांची असताना तिच्या गालावर लाल ठिपका आला, सासूबाई म्हणाल्या लासं आहे, शेजारच्या काकूंनी ग्रहणात काय चिरलंस ते विचारून घेतलं, आणि महिनाभरात तो ठिपका टम्म फुगला की. मग दादर वेस्टचं हे क्लिनिक गाठलं. निघाला हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, आणि औषध काय तर प्रोप्रॅनोलॉल! माझे बाबा बीपीला घ्यायचे ते!! मी तर उठूनच जाणार होते.

पण डॉक्टर मॅडमनी बसवून सगळं सांगितलं. फ्रान्समध्ये बोर्दोला एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी हे दिलं होतं तर त्याच्या नाकावरची गाठच फिकी पडायला लागली, २००८ मध्ये ते छापून आलं. पुढे २०१५ च्या मोठ्या अभ्यासात सहा महिने औषध घेतलेल्या बाळांपैकी ६० टक्क्यांची गाठ पूर्ण किंवा जवळपास पूर्ण गेली, खोटं औषध दिलेल्यांत फक्त ४ टक्के. आधी ईसीजी, पहिल्या डोसनंतर दोन तास तिथेच बसवून नाडी आणि बीपी बघत होते. आणि एकच गोष्ट दहादा बजावली, पोट भरल्याशिवाय डोस नाही.

त्याचा अर्थ मला जुलैमध्ये कळला. मोठ्या मुलाने प्लेग्रुपमधून हँड फूट माउथ नावाचा विषाणूचा आजार आणला, तळहातांना तळपायांना फोड (काकूंनी कांजिण्या म्हणून कडुलिंबाचा पाला पण आणून दिला), चार दिवसांत चिऊलाही. तोंडात फोड, दूध तोंडाला लावलं की किंचाळायची. घराजवळचे डॉक्टर म्हणाले सगळी औषधं चालू ठेवा. मला काही पटेना, रविवार असून क्लिनिकच्या नंबरवर मेसेज टाकला, वीस मिनिटांत मॅडमचा स्वतःचा फोन. दूध पीत नाही तोवर डोस बंद. बाळ उपाशी असलं की शरीर साठवलेली साखर सोडतं, हे औषध तेच अडवतं, वर शुगर उतरल्यावर छातीत जी धडधड होते ती पण दाबून टाकतं म्हणजे आपल्याला कळतच नाही. घाम, सुस्ती दिसली तर थेट कॅज्युअल्टी. आणि चुकलेला डोस नंतर भरून काढायचा नाही. तीन दिवसांनी पोटभर प्यायली, मग त्यांना विचारूनच परत सुरू केलं. आता गालावर नुसती गुलाबी सावली उरलीये.

तक्रार म्हणाल तर वेटिंग. अपॉइंटमेंट अकराची, नंबर लागला सव्वाएकला, रिसेप्शनवरची मुलगी मान वर करत नाही. बाबागाडी नेऊ नका, जिना जेमतेम हातभर रुंद आहे.

हां, महिन्याभराने मोठ्याची दोन नखं गळून पडली, परत धावत गेले तर मॅडम हसल्या, ह्या आजारानंतर होतं म्हणे, नवीन येतात. त्याचे पैसे घेतले नाहीत.